चिंचेखालची जागा

प्रेमिलाचं दुखणं अख्ख्या गावाला ठाऊक होतं, कारण ते लपवायची सोयच नव्हती. गोंडपिपरीकडच्या त्या मासे धरणाऱ्या ढिवरांच्या गावात बाईची पाळी आली की तिने तलावाचं पाणी शिवायचं नाही, जाळ्याला हात लावायचा नाही. बांधावरच्या देवीपासून दूर, चिंचेखाली जाऊन बसायचं. जाळं ओढणाऱ्यांना पाण्यातूनच दिसायचं, आज कोण बसलंय. बाकीच्या बाया तिथे भाजी निवडत, गप्पा हाणत दिवस काढायच्या. प्रेमिला मात्र गुडघे पोटाशी घेऊन मातीत पडून असायची.

"सगळ्याइलेच येते, इचंच काय नाटक," बाया म्हणायच्या.

दोन लेकरांवर ऑपरेशन केलं, तेव्हा आता तरी सुटू असं तिला वाटलं होतं. दुखणं सुटलं नाही, वाढलंच. शेवटी नवरा सुरेंद्र तिला चंद्रपूरला घेऊन गेला. डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी पाहून सांगितलं, पिशवीच्या आत असतं तसलं अस्तर बाहेरही वाढलंय, महिन्याच्या महिन्याला तेही रक्ताळतं, म्हणून या कळा. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या. पाळणा लांबवायला बाया घेतात त्याच, पण या रोज घ्यायच्या, मध्ये खाडा नाही. आजार जाणार नाही, दबून राहील. पाळी येणार नाही, त्याला भिऊ नका.

गोळ्या लागू पडल्या. दुखण्याचे दिवस आले आणि नुसतेच निघून गेले, तेव्हा प्रेमिलाने देवीपुढे नारळ फोडला. कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून ती जाळं ओढू लागली. बाजारात मासळीची पाटी घेऊन बसली तर गिऱ्हाइकाशी हसून बोलू लागली. आपल्यालाही असं जगता येतं, हे तिला नवीनच होतं.

मग सुरेंद्र मिरची तोडायला तेलंगणात गेला. दरसाल जायचा तसाच.

"काऊन वो प्रेमिला," शेजारची सत्यशीला एक दिवस जाळं झाडता झाडता म्हणाली, "तू आताशा चिंचेखाली दिसत नाई."

"दवाई चालू हाय."

"कायची?"

प्रेमिलाच्या तोंडाशी आलेलं तिथेच अडकलं. ऑपरेशन झालेली बाई, नवरा परमुलखात, आणि ही पाळणा लांबवायच्या गोळ्या खाते. कोणासाठी? खरं सांगावं तर खोट्याहून वाईट दिसत होतं.

"पोटाची," ती म्हणाली.

"पोटाचीच असन," सत्यशीला म्हणाली, आणि बाकीच्या बाया पाण्याकडे तोंड करून हसल्या.

नवरा परमुलखात असताना प्रेमिलाची पाळी चुकली, ही कुजबुज मिरचीच्या रानापर्यंत पोचायला वेळ लागला नाही. सुरेंद्रचा फोन आला, तोही आईला. सासूने, रुखमाबाईने, बोलून झाल्यावर मोबाईल सुनेच्या हातात दिला.

"मले माहीत हाय गोळ्यांचं," सुरेंद्र म्हणाला. "मीच तं आणून देल्या."

"मंग सांगा ना त्याइले."

"काय सांगू? चार माणसांत बायकोच्या पाळीचं बोलू? तू असं कर, काही दिवस बंद कर. लोकाइले दिसू दे."

"अन् दुखलं तं?"

पलीकडे कोणीतरी त्याला हाक मारली. "एवढी वर्सं दुखलंच ना," म्हणून त्याने फोन ठेवला.

रुखमाबाई चुलीपाशी बसली होती. "मी तुह्यावर शक घेत नाई, पोरी," ती म्हणाली. "पण मले बाजारात बसा लागते."

प्रेमिलाने गोळ्या बंद केल्या. पाळी आली ती सगळा राग काढत आली. चिंचेखाली ती ओकली, मातीत नखं रुतवून पडून राहिली. आणि त्याच दिवशी सत्यशीला तिच्यासाठी चहा घेऊन आली. शिवाशिव नको म्हणून पेला जरा दूर ठेवला, पण तिच्या आवाजात माया होती.

"बरं झालं वो बाई. आमाले काईबाई वाटत होतं. दुखते का खूप?"

प्रेमिलाने गुडघे आणखी जवळ घेतले. तिचं लोळणं सगळ्यांनी डोळे भरून पाहिलं आणि गावाचं समाधान झालं. इतकी वर्षं ज्या दुखण्याला नाटक म्हणत होते, तेच आता तिच्या चांगलेपणाची साक्ष झालं होतं.

उठून बसता आलं तशी तिने पुन्हा गोळ्या सुरू केल्या. कोणाला विचारलं नाही. पुढच्या महिन्यात, पाळी आली नसतानाही दिवस धरून, सकाळी देवीला दुरूनच हात जोडून, ती आपणहून चिंचेखाली जाऊन बसली. देवीला खरं माहीत होतं, पण देवीला कोणी विचारत नव्हतं.

तलाव आटत आला होता, मासळी भरपूर लागत होती. समोर बाया जाळं ओढत होत्या. मधेच जाळ्याचं एक टोक सैल पडलं, आणि प्रेमिलाचे हात आपोआप पुढे झाले. अंगात जोर होता, पोटात कळ नव्हती. ती मान उंच करून बघत होती, कोण धरतंय ते टोक.

"काऊन वो," सत्यशीलाने पाण्यातून आवाज दिला, "आज दुखत नाई का?"

सगळ्यांच्या माना वळल्या.

"दुखते ना," प्रेमिला म्हणाली. तिने दोन्ही हात पोटावर घेतले, गुडघे जवळ ओढले आणि मातीत आडवी झाली.