ताराचंद जोडी जमवतो

अड्याळच्या ताराचंदला निवृत्तीनंतर कुणी भजनाला नेलं, कुणी धानाच्या बांधावर. तो रमला नाही. रमला तो स्वस्तातल्या भुताच्या सिनेमांत. भुताच्या मनगटावर घड्याळ, चेटकिणीच्या टोपाखालून तिचे खरे केस डोकावतायत, असले सिनेमे. दर रविवारी दुपारी खिडक्यांना चादरी लावून तो आपल्या मित्राला, कैलाशला, लागोपाठ दोन दाखवी. कुठलेही दोन नव्हेत हं! जोडी जमवण्यात अख्खा आठवडा जाई. पहिल्यात माणूस घाबरला पाहिजे, दुसऱ्यात हसून मोकळा झाला पाहिजे. एवढं डोकं जवाहरनगरच्या कारखान्यात चालवलं असतं तर साहेब झाला असता, असं बायको म्हणे. खरंच होतं ते.

त्या रविवारी मात्र पवनीचे भैय्याजी आपल्या मुलाला, चंद्रकुमारला, घेऊन लग्नाची बोलणी पक्की करायला येणार होते. ताराचंदच्या मुलीनं, रीतानं, चंद्रकुमारला एका लग्नात पाहून स्वतःच पसंत केलेलं. तिनं बापाला बजावलं, "बाबा, आज भूत हा शब्द तोंडातून काढाचा नाई. माहं लगन मोडन."

ताराचंद शब्दाचा पक्का. पाहुणे गेल्यावरचा बेत कैलाशला फोनवर सांगताना त्यानं भुताचं नावसुद्धा घेतलं नाही. अंगणात उभा राहून तो ओरडला, "जोडी जमली गा! पोट्टी दिसाले गरीब, पन माणसाचं रक्त पेते. अन् पोट्टा पुरा बयताड, त्याले काहीच समजत नाई!"

मागे वळला तर फाटकात भैय्याजी. त्यांचा चेहरा पडला होता. चंद्रकुमारचा हात धरून ते परत फिरले.

"थांबा जी! पोट्टी दाखवतो तुमाले."

"आयकलं आमी. आता पाहाची गरज नाई."

ताराचंदनं त्यांना ओढतच आत नेलं आणि टीव्ही लावला. पडद्यावर एक नवरी गटागटा रक्त पीत होती. रक्त कसलं, गुलाबाचं सरबत. वर बर्फाचा खडा तरंगत होता. भैय्याजी आधी बघतच राहिले, मग इतके हसले की डोळ्यांतून पाणी आलं. चंद्रकुमार तेवढा पाय खुर्चीवर घेऊन बसला होता.

रीताचा जीव भांड्यात पडला. तोच भैय्याजी मुलाकडे बघून गंभीर झाले. हळूच म्हणाले, "पोट्टीचं समजलं जी. पन आमचा पोट्टा बयताड हाय, हे तुमाले कोनं सांगतलं?"

ताराचंद घाईघाईनं दुसरा सिनेमा शोधू लागला. चहा घेऊन आलेली रीता दारातच थांबली आणि लाजायचं सोडून बोलून गेली, "कोनी कायले सांगन जी? त्या लग्नात हे दुसऱ्याच्याच वरातीत नाचून राहिले होते. तवाच मले आवडले."