चादरीचे दोन कोपरे

हॉस्पिटलच्या लाँड्रीत मोठ्या चादरीची घडी घालायला दोघी लागतात. दोन-दोन कोपरे धरायचे, मागे सरून ताणायचं, मग जवळ यायचं. धाकटी आणि तिची थोरली जाऊ अकरा वर्षं समोरासमोर उभ्या राहून हेच करत होत्या.

तिथे ‘वीकनेस’ हा शब्द सगळ्या दुखण्यांना पुरायचा. ताप आला की वीकनेस, सासूशी वाजलं की वीकनेस, नुसता कंटाळा आला तरी वीकनेसच. त्यामुळे धाकटीच्या बोटांतली ताकद खरोखरच गेली, तेव्हा तिने तो शब्द तोंडातून काढला नाही. हात चालेनासे झाले की सुपरवायझर घरी बसवतो, हे तिने पाहिलं होतं. पण चादर कुठे ऐकते? थोरलीने ताण दिला की धाकटीच्या हातून कोपरे सुटायचे.

“उपाशी येतेस का गं बये?” थोरली पुटपुटायची, आणि ताण थोडा कमी करायची.

त्या दुपारी मात्र चादर ओल्या फरशीवरच पडली. सुपरवायझर तरातरा आला. “कोणी पाडली?”

धाकटीने मान खाली घातली.

“मी,” थोरली म्हणाली. “वीकनेस आलाय.”

“तुला? म्हशीसारखी तर आहेस!”

“मग, म्हशीला येत नाही होय?”

तो हसत निघून गेला. थोरलीने दुसरी चादर उचलली, धाकटीच्या हातात कोपरे दिले आणि तिच्या मुठी स्वतःच्या हातांनी मिटवल्या. अजून सत्तर चादरी बाकी होत्या.