जागा धरलीय!

बसची वाट बघताना माणसं घरातलं सगळं बोलतात, आणि माझे कान तसे लांबच. आमच्या नगराला सिटी बस मिळाली त्या वेळचे किस्से असे माझ्याकडे साठलेत. सुनेला सांगून झाले, आता तुम्ही ऐका.

बसचे नवे मार्ग ठरवायचे म्हणून समाजमंदिरात नागरिकांची मीटिंग लागली. हॉल गच्च! पुढची एक खुर्ची मात्र रिकामी. तिच्यावर माझ्या शेजारणीची, लक्ष्मव्वाची पिशवी.

मार्ग ठरवायला आलेले बसचे साहेब म्हणाले, "आजी, इथं कोण बसणार?"

"माझी भन."

"कुठंय ती?"

"पार तिकडल्या टोकाला, हातरुणावर. म्या रोज भाकरी घिऊन जाते. रिक्षात गरगरतंय, गुडघं चालू देत न्हाईत. बस द्या की!"

मीटिंग संपेपर्यंत माणसं भिंतीला टेकून उभी होती. पण पिशवी ठेवलेल्या खुर्चीवर कोण बसतंय?

स्टॉप कुठं करायचा, यावर आमचे बिराजदार सर उठले. "बस तर पाहिजेच! पण आमच्या दारात नको. लोक कट्ट्यावर बसतात."

"मग कुठं?"

सरांनी मोठ्या मनानं शेजारच्या दाराकडं बोट केलं. ते दार माझं. मी दुसऱ्या दिवशी कट्टा धुऊन काढला. लोक बसले तर चार बातम्या तरी कळतील!

मग साहेबांनी एकेकाला विचारलं, "सध्या कामावर कसे जाता?"

"टू-व्हीलर."

"तुम्ही?"

"टू-व्हीलर."

"तुम्ही हो?"

"ह्याच्या मागं बसून."

"अहो, मग बस कुणाला पाहिजे?"

"पाव्हण्यांना! त्येंना स्टँडवर सोडायला कोण जाणार सारखं?"

साहेब पाणी प्यायले. म्हणाले, छोटी बस लावून बघू. माणसं बसली नाहीत तर बंद.

बस आली. नारळ फुटला, फोटो निघाले, आणि फोटोतले सगळे टू-व्हीलरवरून घरी गेले. रोजची बसणारी एकटी लक्ष्मव्वा. ती डबा घेऊन लंगडत यायची, आणि ड्रायव्हर मैनुद्दीनभाई खिडकीतून ओरडायचे, "आस्ते आओ मावशी, गाडी तुमारीच हय!"

एक दिवस तेच पडेल चेहऱ्यानं म्हणाले, "कल साहेब पॅसेंजर गिनने आनेवाले. बस बंद करनेवाले बोलतंय."

त्या दिवशी लक्ष्मव्वानं चहा घेतला नाही. मी गल्लीभर फिरले. सगळे म्हणाले, "येतो की!" एकटे श्रीनिवासअण्णा खरं बोलले, "वहिनी, माझे टॉवेलचे माग चालू हायत, मला काय येता येत न्हाई." पण त्यांनी टेरी टॉवेलचा गठ्ठा दिला.

सकाळी साहेब बसमध्ये चढले. पुढच्या सीटवर लक्ष्मव्वा, मागं मी. बाकीच्या प्रत्येक सीटवर एकेक टॉवेल, नीट घडी घातलेला.

साहेबांनी एका टॉवेलला हात लावला.

"साहेब, जागा धरलीय!" लक्ष्मव्वा म्हणाली.

"कुणी?"

"बर्तार, बर्तार... येत्यात की."

साहेबांनी सगळ्या टॉवेलांवरून नजर फिरवली. मग लक्ष्मव्वाच्या मांडीवरच्या डब्याकडं बघितलं. आणि वरचा दांडा धरून ते शेवटच्या स्टॉपपर्यंत उभे राहिले. मधे कुणी चढलं नाही.

उतरताना त्यांनी कंबरेला हात लावला आणि मैनुद्दीनभाईंना म्हणाले, "उद्यापासून मोठी गाडी आणा. हिच्यात बसायलाच जागा नाही!"