एकाच कागदावर दोन सह्या

"माझ्यासमोर करा," असं म्हणून ते एक कोरा कागद आणि निळं बॉलपेन टेबलावर ठेवायचे. पलीकडे नट असो, गायक असो की क्रिकेटपटू, वाक्य तेच. सही झाली की तिच्या खालच्या मोकळ्या जागेवर बोट टेकवायचे. "आता इथे आणखी एक." मग कागद उलटा करून मागच्या बाजूने अंगठा फिरवायचे, पेनाचा दाब नीट उमटलाय का ते बघायचे, "आभारी आहे" असं कोरडेपणाने म्हणायचे आणि बाजूला व्हायचे.

अशा एखाद्या फॅन मेळाव्याला तुम्ही गेला असाल तर तुम्हीही त्यांना पाहिलं असेल. खराडीतला तो मोठा हॉल, तोंडं रंगवलेली, पाठीवर पडदे बांधलेली, पुठ्ठ्याच्या तलवारी घेतलेली पोरं, आणि त्यांच्यात इस्त्रीचा अर्ध्या बाह्यांचा शर्ट घातलेले, खांद्याला कापडी पिशवी लावलेले सत्तरीचे गृहस्थ. एकदा निळ्या तोंडाच्या एका मुलीने त्यांना विचारलं, "अंकल, तुम्ही कुठलं कॅरेक्टर?" त्यांनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "पेन्शनर."

मेळावा भरवणाऱ्या कंपनीत मी नोकरीला आहे. सह्यांच्या रांगेची व्यवस्था माझ्याकडे. टोकन द्यायचं, त्यावर माझी छोटी सही करायची, नंबर पुकारायचा, आणि एकेकाला पाहुण्यांसमोर सोडायचं. काम सोपं वाटतं, पण त्यात माणसं ओळखावी लागतात.

आणि मी मुळात संशयी. भाजीवाल्याने जुडी पुढे केली तर मी मागची उचलते. आई म्हणते, "हिच्यासाठी स्थळाचा फोटो आला तर ही आधी तो कधी काढलाय ते विचारेल." विचारलंही होतं. चार वर्षांपूर्वीचा निघाला.

तर रांगेत उभे राहणारे दोन प्रकारचे असतात. पहिले खरे चाहते. त्यांना सहीवर स्वतःचं नाव हवं असतं, 'प्रिय सोनलला, प्रेमपूर्वक' वगैरे. दुसरे व्यापारी. ते नाव घालू देत नाहीत, कारण सोनलच्या नावाची सही सोनलशिवाय कोण विकत घेणार? त्यांना नुसती सही हवी असते, शक्य तर एकापेक्षा जास्त, म्हणजे ती इंटरनेटवर विकता येते. आता सांगा, कोरा कागद, नाव नको, दोन सह्या, स्वतःचं पेन. मी पहिल्याच दिवशी ह्यांना मनातल्या मनात दुसऱ्या रांगेत उभं केलं.

त्यात त्यांना समोरच्या माणसाबद्दल काडीची माहिती नसायची. सिनेमात खलनायक होणाऱ्या एका नटाने सहीआधी आपला गाजलेला संवाद म्हणून दाखवला. रांगेने शिट्ट्या वाजवल्या. हे म्हणाले, "झालं? करा आता." एका चित्रकाराने सहीऐवजी झटकन त्यांचंच चित्र काढून दिलं, अगदी हुबेहूब. त्यांनी ते पाहिलं आणि परत सरकवलं. "मी कसा दिसतो ते माझ्याकडे घरी आहे. सही करा."

"काका, दुसरी सही कशाला?" मी एकदा त्यांना अडवलं. "मागे लोक खोळंबलेत."

"तुमच्या नियमात एका माणसाला एक सही असं लिहिलंय का?"

"एका माणसाला एक कागद, असं आहे."

"मग कागद एकच आहे," ते म्हणाले आणि पुढे सरकले.

मी त्यांच्या मागावर राहिले. घरी बसून विक्रीच्या साइट धुंडाळल्या. निळ्या बॉलपेनची, एकाखाली एक अशी सही कुठे दिसते का ते पाहिलं. सापडली नाही, तेव्हा वाटलं, हा माणूस हुशार आहे, इथल्या बाजारात विकत नसणार. दारावरच्या सिक्युरिटीला सांगून एकदा पिशवी तपासायला लावली. आत एक जाड फाइल, चार बॉलपेनं, भिंग आणि सोललेलं संत्रं निघालं. त्यांनी शांतपणे सगळं पुन्हा पिशवीत भरलं. माझ्याकडे बघून म्हणाले, "संत्र्याच्या फोडी मोजून घेतल्या का?"

ते कोण, हे मला कळलं ते दोन वर्षांपूर्वीच्या मेळाव्यात, पहिल्या दिवशी. दुपारी हॉलच्या मागच्या टपरीवर मी चहा घेत होते आणि ते येऊन शेजारी उभे राहिले. स्वतःहून बोलले. बहुधा माझ्या नजरेचा त्यांना कंटाळा आला असावा.

एका कॉलेजच्या परीक्षा विभागात त्यांनी तीस वर्षं काढली होती. दुसऱ्याच्या नावावर पेपर लिहायला बसणारे तोतये पकडणं हे त्यांचं खास काम. परीक्षेच्या अर्जावरची सही आणि हजेरीपत्रकावरची सही शेजारी ठेवायची आणि बघायचं. "शंभरात एखादा असतो. पण बघावं शंभरांकडे लागतं," ते म्हणाले. "सवय लागते. मंडईत काकडी घेतानासुद्धा मी तिच्याकडे तोतया म्हणून बघतो."

मी हसले. ते हसले नाहीत.

"एक मुलगी होती. दोन सह्या अजिबात जुळत नव्हत्या. अक्षर कापत होतं, आडनाव अर्धवट. मी तिला उभं केलं. नियम असा होता की आधी समोरच्याला बोलू द्यायचं, मग कोऱ्या कागदावर पुन्हा सही करायला सांगायची. मी तिला बोलू दिलं नाही. म्हटलं, जे काय ते चौकशी समितीपुढे बोला. भर वर्गातून बाहेर काढली."

"मग?"

"तीच होती ती. आदल्या दिवशी वडिलांना दवाखान्यात ठेवलेलं. हात थरथरत होता, एवढंच. समितीला कळेपर्यंत तिचं वर्ष गेलं."

"माफी मागितली?"

"विभागाचं पत्र गेलं. त्यावर माझी सही नव्हती."

चहाचा ग्लास त्यांनी टपरीच्या फळीवर ठेवला. मग त्यांनी दोन सह्यांचं कारण सांगितलं. खऱ्या माणसाच्या दोन सह्या कधीच सारख्या येत नाहीत, किती वेगळ्या येतात ते त्यांना बघायचं होतं. आणि ज्यांना सहीची भीती वाटत नाही, जे दिवसभर हसत हसत सह्या करतात, अशी माणसं एकाच जागी इथेच मिळत होती. "तीस वर्षं मी सारखेपणा शोधला," ते म्हणाले. "तिथेच चुकलो. सारखेपणा खोट्यात असतो."

खरं सांगते, माझा विश्वास बसला नाही. गोष्ट मला जरा जास्तच जुळवलेली वाटली. व्यापारी माणसं याहून हृदयद्रावक गोष्टी सांगताना मी ऐकली होती.

दुसऱ्या दिवशी एका मालिकेत पोलीस इन्स्पेक्टर झालेली नटी येणार होती. सकाळी आठपासून रांग लागली. अकराला आमच्या साहेबांनी मला मागच्या खोलीत बोलावलं. बाईंना मायग्रेनचा त्रास सुरू झाला होता, त्या विमानतळावरूनच परत फिरल्या होत्या. टेबलावर त्यांच्या फोटोंचा गठ्ठा पडला होता.

"हे बाहेर सांगितलं तर खुर्च्या मोडतील," साहेब म्हणाले. "तुला त्यांची सही येते ना?"

येत होती. आदल्या वर्षी दोन दिवस त्यांच्या शेजारी बसून मी फोटो पुढे सरकवले होते, आणि नंतर ऑफिसात गंमत म्हणून त्यांची सही काढून दाखवली होती. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. मी मार्कर उचलला. ऐंशी-नव्वद फोटो असतील. पहिल्या दहांत हात अडखळला, मग बसला. एकाहून एक सरस झाल्या, असं मला तेव्हा वाटलं. घरी दुधात पाणी आहे का ते रोज बघणारी मी, त्या तासाभरात मला स्वतःचा जरासुद्धा संशय आला नाही.

बाहेर जाहीर केलं की बाई थोडा वेळच थांबू शकल्या, पण सर्वांसाठी त्यांनी मागच्या खोलीत बसून सह्या केल्या आहेत. लोक कुरकुरले, पण फोटो हातात पडल्यावर शांत झाले. एकेक जण फोटो घेऊन जात होता.

त्यांचा नंबर आला. मी फोटो पुढे केला.

"माझ्यासमोर झालेली नाही," ते म्हणाले.

"आज तशीच आहे काका. नको असेल तर राहू द्या."

त्यांनी फोटो घेतला. मागे उभ्या असलेल्या एका बाईंना मी आधीच फोटो देऊन टाकला होता, तो त्यांनी मागून घेतला. दोन्ही फोटो एकावर एक ठेवून त्यांनी वरच्या दिव्याकडे धरले. सही सहीवर बसली, रेघ न् रेघ. त्यांनी बाईंचा फोटो परत दिला. मग खिशातून टोकन काढलं, ते आपल्या फोटोशेजारी ठेवलं, आणि टोकनावरच्या माझ्या सहीचा शेवटचा फराटा आणि फोटोवरच्या सहीचा फराटा यांवर दोन बोटं ठेवली. माझ्या उजव्या हाताला अजून काळी शाई होती.

ते खाली वाकले. आवाज इतका हळू, की मलाच जेमतेम ऐकू आला. "मी काही बोलणार नाही. तुम्ही बोला. रांगेला तुम्हीच सांगा. मी थांबतो इथे."

त्या वेळी मी काय करायला हवं होतं ते तुम्हाला दिसतंय. मलाही दिसत होतं. पण मागे अजून पन्नासेक माणसं होती, दाराशी साहेब उभे होते, आणि हा म्हातारा तिथून हलायला तयार नव्हता. मी उठून उभी राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "सिक्युरिटी, ह्यांना बाहेर घ्या. हे सह्या जमवून विकतात. दर वर्षी येतात."

रांगेत कुजबूज झाली. कुणीतरी मोबाइल वर केला. ते माझ्याकडे बघत राहिले. त्यांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मी बोलू दिलं नाही. "जे काय ते ऑफिसात सांगा," मी म्हटलं. हे शब्द तोंडून गेले आणि मग मला कळलं की आदल्या दिवशी टपरीवर मी काय ऐकलं होतं.

त्यानंतरच्या दोन्ही मेळाव्यांना ते आलेले नाहीत. टोकन घेताना भरायच्या फॉर्मवर त्यांनी कधी पत्ता लिहिला नव्हता, आणि तो शोधण्याची माझी छाती झाली असती असंही नाही. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याच दुपारी, हॉलच्या काचेच्या दारापाशी.

सिक्युरिटीने त्यांची फाइल उघडायला लावली होती. ओढाताणीत ती हातातून निसटली आणि कागद पायऱ्यांवर पसरले. मी काय सापडतं ते बघायला दारापर्यंत गेले, कारण आता मला ते व्यापारी असायला हवे होते. इतक्या वर्षांचा एकेक कागद तिथे होता. खलनायकाचा, एका गायिकेचा, एका क्रिकेटपटूचा. प्रत्येकावर एकाखाली एक दोन सह्या, थोड्या वेगळ्या, आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात तारीख. एकही विकलेला नव्हता. सिक्युरिटीवाला ओशाळून बाजूला झाला.

ते गुडघ्यावर बसून कागद गोळा करायला लागले. रांगेतल्या त्याच बाई, ज्यांचा फोटो त्यांनी मघाशी दिव्याकडे धरला होता, त्यांना मदत करायला खाली बसल्या. वाघोलीच्या एका शाळेत मावशी म्हणून कामाला होत्या, हे त्यांनी सकाळपासून रांगेत सगळ्यांना सांगितलं होतं. अर्ध्या दिवसाची रजा टाकून आल्या होत्या. शेवटचा कागद काकांच्या हातात देऊन झाल्यावर बाईंनी आपला फोटो पुढे केला.

"काका, तुमाला सह्यांमधलं कळतं वाटतं. मगाशी लायटीकडं धरून बघत होता. ही खरी हाय ना? मॅडम काय दिसल्या न्हाईत, म्हनून इचारते. शाळेत पोरींना दाखवायचाय."

मी चार पावलांवर उभी होते. ते माझ्याकडे बघत होते. आता सांगतील, आणि सांगायलाच हवं, असं मला वाटलं. त्यांनी सांगितलं असतं तर मी नाकारलं नसतं, अशी मी अजून स्वतःची समजूत घालते.

त्यांनी फोटो हातात घेतला. खूप वेळ बघितला.

"खरी आहे," ते म्हणाले. "घडी घालू नका. वहीत ठेवून न्या."

बाई खूश झाल्या, त्यांच्या पाया पडायला वाकल्या. त्यांनी पाय मागे घेतले. फाइल पिशवीत घातली आणि उन्हातून नगर रस्त्याच्या दिशेने चालू लागले. तीस वर्षांत त्यांनी एकही खोटी सही पुढे जाऊ दिली नव्हती. माझी जाऊ दिली.

मला तेव्हा सुटल्यासारखं वाटलं. लाज नंतर वाटली, ती अजून वाटते. पण तेव्हा मी आत आले, खुर्चीवर बसले, आणि पुढचा नंबर पुकारला.