खालचे दात पुढे

मी फौजेत बावीस वर्षं होतो. त्यातला बहुतेक काळ प्लास्टरच्या दातांसमोर बसून काढला. ट्रेड डेंटल टेक्निशियन, निवृत्तीच्या वेळी रँक हवालदार. आम्ही धारचे मोहिते. घरातल्या जुन्या तलवारीवर अजून दसऱ्याला हळदकुंकू पडतं. त्या घरातला मुलगा फौजेत जाऊन कवळ्या बनवतो, हे आबासाहेबांना, म्हणजे वडिलांना, शेवटपर्यंत पचलं नाही. पाहुण्यांना ते सांगत, "मेडिकलमध्ये आहे." मीही कधी दुरुस्ती केली नाही.

ही गोष्ट डोंगराळ भागातल्या एका मिलिटरी हॉस्पिटलातली. सिव्हिलमधल्या लोकांना वाटतं, दाताचा डॉक्टर म्हणजे एकच, दाढ उपटणारा. आमच्याकडे तिघं होते. कर्नल साहेब मॅक्सिलोफेशियल सर्जन, म्हणजे जबडा आणि चेहऱ्याच्या हाडांचे सर्जन. एक मेजर वेडेवाकडे दात सरळ करणाऱ्या. दुसरे मेजर गेलेल्या दातांच्या जागी नवे बसवणारे. आणि या तिघांच्या मधोमध लॅबमध्ये मी. ०७३० ला फॉलिन, म्हणजे रांगेत हजेरी, ०८०० ला लॅब उघडायची. दिवसभर तिघांच्या चिठ्ठ्या येत आणि मी तिघांना "जी साब" म्हणे.

नायक विलास जगदाळे आमच्याकडे एका मंगळवारी दुपारी आला. डोंगरातून दरड कोसळून त्याची गाडी दरीत गेली होती. गाडी चालवत होता लान्स नायक सुरेश केवट. तो जागीच गेला. विलास वाचला, पण खालच्या जबड्याचे तीन तुकडे झाले होते. खालचे पुढचे दोन दात गेले होते, उजवा हात प्लास्टरमध्ये, चेहरा भोपळ्याएवढा सुजलेला.

कागदावर पत्ता वाचला, खातेगांव, जिल्हा देवास. मी वाकून आमच्या माळव्याच्या मराठीत म्हणालो, "मी धारचा आहे, भिया." त्याने डोळे मिटले आणि पाणी वाहिलं.

माझं काम ठरलेलं होतं. दोन्ही जबड्यांचं माप घ्यायचं, प्लास्टरचे नमुने बनवायचे. खालचा नमुना जिथे हाड तुटलंय तिथे करवतीने कापायचा, वरच्या दातांशी जुळवून पुन्हा जोडायचा. त्यावर ऍक्रिलिकची पट्टी बनवायची, तिला स्प्लिंट म्हणतात. ऑपरेशनमध्ये सर्जन आधी ती पट्टी दातांत बसवतात आणि मग हाडावर प्लेटा ठोकतात. म्हणजे शिंपी कितीही हुशार असो, माप माझं.

मी नमुना सुबक जोडला. वरचे दात बाहेर, खालचे आत, पुस्तकात असतात तसे. दोघा मेजरांनी पाहिला आणि म्हणाले, "गुड वर्क." कर्नल साहेबांनी सही केली. ऑपरेशन शुक्रवारी ०८०० ला ठरलं.

बुधवारी मी तो नमुना विलासला दाखवला. त्याने पाहिला आणि डाव्या हाताने दूर ढकलला. पुन्हा दाखवला, पुन्हा ढकलला. पाटी दिली तर डाव्या हाताने अशा रेघोट्या मारल्या की मला काही कळेना. मी विचारलं, "दुखतंय का? सुरेशची आठवण येतेय का?" त्याने पाटीच जमिनीवर टाकली. सिस्टरने चार्टवर लिहिलं, "कन्फ्यूज्ड". डोक्याला मार होता, त्यामुळे कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही. मलाही नाही.

त्याच वेळी एक फोन सुरू झाला. विलासचा मोबाइल अपघातातून वाचला होता. तो बुधवारी अकराला वाजला आणि पुढे रोज अकराला वाजू लागला. मी त्याच भागातला म्हणून सिस्टर तो माझ्या हातात देत. पलीकडे सुरेशची आई, आमच्याच जिल्ह्यातल्या नर्मदेकाठच्या धरमपुरीहून. तिच्याकडे बटनांचा साधा फोन, चेहरा दिसायची सोय नाही. विलासला तिने कधी पाहिलं नव्हतं. दर रविवारी सुरेश फोन लावायचा आणि दोन मिनिटं त्याच्या हातात द्यायचा, तेवढीच ओळख.

"बेटा, विलास से बात करा दो. मेरे सुरेश के बाजू में वही था."

"माई, उसका मुँह टूटा है. बोल नहीं सकता."

"जिंदा है?"

"जिंदा है, माई."

बुधवारी तिने एवढ्यावरच फोन ठेवला. गुरुवारी मात्र तिने ठेवला नाही.

"तुम मेरा दिल रखने को बोल रहे हो. वो भी गया. नहीं तो एक बार 'सुरेश' बोलवा दो उससे. वो बोलता है तो सीटी बजती है. मेरा सुरेश उसको चिढ़ाता था, बोलता था, माई, इसको तो रेलवे में होना था. वो सीटी सुन लूँगी तो मान लूँगी."

मी "हाँ माई" म्हणालो, फोन ठेवला आणि लॅबमध्ये आलो. भांडं घेतलं, प्लास्टर घेतलं, पाणी ओतलं, आणि कशासाठी ते आठवेना. डोक्यात शिट्टी अडकली होती. स म्हणताना शिट्टी का वाजते? दातांत फट असली तर वाजते. कवळी सैल असली तर वाजते. आणि खालचे दात वरच्यांच्या पुढे असले तरी वाजते.

मी वरच्या जबड्याचा नमुना भिंगाखाली धरला. पुढच्या दातांच्या कडा घासलेल्या होत्या, पण आतून नाही, बाहेरून. बाहेरून घासायला समोर काहीतरी हवं. विलासचे खालचे दात जन्मापासून पुढे होते आणि मी ते मागे ढकलून बसवले होते. पुस्तकात बरोबर आणि त्याच्या तोंडात चूक. तो बिचारा आदल्या दिवशी तेच सांगत होता. चार्टवर त्याला कन्फ्यूज्ड लिहिलं, खरे भांबावलेले आम्हीच होतो.

तिघा अफसरांनी पास केलेला नमुना चूक आहे, हे हवालदाराने सांगायचं कसं? क्षणभर असंही वाटलं की गप्प बसावं, कुणाला कळणार? मग दोन्ही नमुने ट्रेमध्ये ठेवले आणि १२१० ला कर्नल साहेबांच्या दारात उभा राहिलो.

"सर, बाइट गलत है. मेरी गलती है."

त्यांनी नमुना उजेडात धरला. खूप वेळ धरला. मग दोघा मेजरांना बोलावलं. विलासची कागदपत्रं काढली. ओळखपत्रातल्या फोटोत तोंड मिटलेलं आणि वर जाड मिशी. दातांच्या कार्डावर एका किडलेल्या दाढेची नोंद होती, बाइटची, म्हणजे वरखालचे दात एकमेकांवर कसे बसतात याची, नव्हती.

"घर पे किसी ने पूछा?" कर्नल साहेब म्हणाले.

कुणीच नाही. तीन स्पेशालिस्ट, एक टेक्निशियन, एक्सरे, भिंग, सगळं झालं होतं. साधा फोन केला नव्हता. मी तिथूनच खातेगांवला लावला. विलासच्या आईसाहेब फोनवर आल्या.

"हो, पुढेच आहेत की त्याचे खालचे दात. आमच्या मामंजींसारखे. का हो, काय झालं?"

मी म्हणालो, "काही नाही काकू, आता सगळं ठीक आहे."

दात सरळ करणाऱ्या मेजर मॅडम हळूच म्हणाल्या, "सर, जबड़ा टूटा ही है, तो सुधार ही क्यों न दें? ज़्यादा अच्छा दिखेगा." त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. तो त्यांचा रोजचा धंदाच होता.

कर्नल साहेब म्हणाले, "जो मुँह लेके आया था, वही वापस देंगे. सुधारना है कि नहीं, वो बाद में. उससे पूछ के. मोहिते, नया स्प्लिंट कब तक?"

"आज शाम तक, सर."

संध्याकाळी नवा नमुना वॉर्डात नेला. विलासने तो हातात घेतला आणि छातीवर ठेवला. परत द्यायलाच तयार होईना.

शुक्रवारी तीन तास वीस मिनिटं ऑपरेशन चाललं, मलाही आत उभं केलं होतं. दात पट्टीत बसले तशी हाडाची टोकं एकमेकांना आपोआप भिडली. साहेबांनी मान वर न करता म्हटलं, "देख मोहिते, हड्डी मैं जोड़ता हूँ. कहाँ जोड़नी है, वो दाँत बताते हैं." पुढे पाच आठवडे दोन्ही जबडे तारेने बांधलेले, नळीने पातळ अन्न. गेलेल्या दोन दातांचं दुसरे मेजर नंतर बघणार होते.

माईचा फोन मात्र चौथ्या आठवड्यात बंद झाला. तिला पटलं म्हणून, की तिने आशा सोडली म्हणून, काही कळेना. आम्ही लावला तर बंद.

तारा निघाल्या, विलासला सिक लीव्ह मिळाली. मीही रजा टाकली आणि दोघे निघालो. इंदूरपर्यंत रेल्वे, पुढे बस. त्याचा ओठ अजून बधिर होता. बोलायचा, पण स कधी फसकन निघायचा, कधी निघायचाच नाही. शिट्टी काही वाजत नव्हती. मी बाहेर बघत बसलो. मनात एकच, आता काय करायचं?

धरमपुरीत माई दारात मिरच्या निवडत होती. मी सांगितलं, हा विलास. तिने सुकलेला, व्रण पडलेला चेहरा पाहिला आणि मान हलवली.

"विलास तो गया. तुम फौज वाले भले लोग हो, झूठ बोलते हो."

विलास खाली बसला. तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

"माई, सुरेश ने..."

बारीकशी शिट्टी वाजली. माईचे हात मिरच्यांत तसेच थांबले.

"फिर से बोल."

"सुरेश."

"फिर से."

त्याने किती वेळा ते नाव घेतलं, मी मोजलं नाही. मी भिंतीकडे तोंड करून रडलो. मग तिने तेच विचारलं, ज्यासाठी ती रोज अकराला फोन लावत होती. "उसको दरद हुआ था क्या?"

"नहीं माई. टाइम ही नहीं मिला उसको."

ते खरं होतं की नाही, मी विलासला आजवर विचारलेलं नाही.

आता मी धारमध्ये छोटी लॅब चालवतो. तो चुकलेला नमुना फळीवर ठेवलाय. विलासला देवासच्या एका डॉक्टरांनी सांगितलं, खालचा जबडा मागे घेता येतो, सोपं आहे. तो मला म्हणाला, "भिया, माई आहे तोवर नको."

वर्षातून एकदा आम्ही धरमपुरीला जातो. माई नर्मदेत दिवा सोडते आणि नाव विलासने घ्यायचं असतं. तो सावधानमध्ये उभा राहतो आणि रँकसकट पूर्ण नाव घेतो. लान्स नायक सुरेश केवट. त्यात तीनदा शिट्टी वाजते.