प्रमिलादेवींचा हार

भुतंखेतं, शकुन-अपशकुन यांवर माझा काडीचाही विश्वास नाही, हे आधीच सांगते. संग्रहालयातल्या वस्तूंना नंबर टाकणं हे माझं काम. ज्याला नंबर टाकता येत नाही ते माझ्यासाठी नसतंच... म्हणजे, नव्हतं.

रायपूरला सदर बाजाराच्या मागे एका जमीनदारांची कोठी आहे. त्यांनी जमवलेली चित्रं लोकांसाठी खुली करायची होती. ते जमीनदार, कुंवरसाहेब, दवाखान्यात, पण चित्रांची यादी त्यांनीच सांगून लिहवून घेतलेली. त्यांच्या धाकट्या बहिणीच्या तैलचित्रापुढे होतं — कै. प्रमिलादेवी. सोळा वर्षांची मुलगी, हातात बॅडमिंटनची रॅकेट. घरातल्या गेलेल्या माणसांच्या चित्रांना चंदनाचे हार घातले, तसा तिलाही घातला. खाली पाटी लावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा हार स्टुलावर, नीट गुंडाळून ठेवलेला. बाकीचे जागेवर. मी चौकीदार मनहरणला फैलावर घेतलं.

"काहून काढला हार?"

"मैंने नहीं छुआ दीदी. चाबी तो आपके पास है."

खरंच होतं. दालनाची एकच किल्ली, ती माझ्या पर्समध्ये. मी चिडले आणि हार तारेने खिळ्याला आवळून बांधला. तिसऱ्या सकाळी तार खिळ्यावरच होती, पीळ तसाच घट्ट. हार स्टुलावर. मी तो कपाटात ठेवून दिला. दुपारी फोन आला — कुंवरसाहेब पहाटे गेले. दोन दिवस शुद्धीवर नव्हते म्हणे.

कोठी खुली झाल्यावर एका दुपारी नागपूरहून एक म्हाताऱ्या बाई आल्या. त्या चित्रासमोरून हलेचनात. मी जवळ गेले.

"हे मीच आहो," त्या म्हणाल्या. "रेल्वेतल्या बाबूशी लगन केलं, तवा दादा म्हणे, माह्यासाठी तू मेली. मंग कधी तोंड नाही पाह्यलं."

पाटीवरच्या 'कै.'वर त्यांनी बोट ठेवलं. लाजेने मला मान वर करवेना.

"लिवलं तर आहे. मंग मलेच हार काहून नाही?"

"घातला होता... काढला."

"दादानं सांगतलं का काढाले?"

त्यांचे डोळे भरले होते. मी होकारार्थी मान हलवून म्हटलं, "हव."

त्या तिथेच खाली बसून रडल्या. पाटी मी त्याच दिवशी काढली. तार अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, न उलगडलेली. दाराला कुलूप असताना हार कसा निघाला, ते मला सांगता येत नाही. आणि त्या बाईंशी मी खोटं बोलले की खरं, तेही नाही.