तुमालाबी दिसतंय का?

विश्रामबागेतल्या डोळ्यांच्या दवाखान्यात आम्ही दोघं अनोळखी माणसं थेंब घालून बसलो होतो. संध्याकाळ होती, सगळं धुक्यात गेल्यासारखं. शेजारचे माजी सैनिक सारखे मिशीवरून हात फिरवत. डॉक्टरीणबाईंनी त्यांना नुकतंच सांगितलं होतं, अंधूक उजेडात डोळ्याच्या पडद्यातल्या पेशी शेजारच्या पेशींना आपला विजेचा संकेत देतात, म्हणून पुसटसंही दिसतं. कडा तेवढ्या विरतात.

“पहाऱ्यावर आमचंबी तसंच,” ते म्हणाले. “अंधारात कुणी एकट्याला दिसला तर भास. शेजारच्यालाबी दिसला तर माणूस.”

मग ते दाराकडे वळले. “पिवळं कायतरी हाय. लेक येणार हुती. तुमालाबी दिसतंय का?”

मलाही नुसतं पिवळं धुकं दिसत होतं. “दिसतंय,” मी म्हणालो.

“मग लेकच,” म्हणत ते काठी बाकावरच विसरून निघाले.